घटस्फोटानंतरचे सासर : या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी

घटस्फोटाचा हुकूमनामा दोनच माणसांच्या नावे निघतो. त्यात सासू-सासरे, नणंद, दीर, जाऊ आणि त्यांची मुलेबाळे यांचा उल्लेख नसतो. त्यामुळे वकिलाकडे उत्तर नसलेले प्रश्न पहिल्या आठवड्यातच पडू लागतात. नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याचे आमंत्रण आले तर जायचे का, सासऱ्यांची शस्त्रक्रिया असल्याचे कळले तर फोन करायचा का, आणि केलाच तर त्यांना 'बाबा' म्हणायचे की आणखी काही? माझा घटस्फोट परस्परसंमतीने झाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. या प्रश्नांची उत्तरे मी बरीचशी चुकत चुकत शोधली. पुढे ओळखीतल्या अनेक जणींनी आणि काही पुरुषांनीही हेच प्रश्न विचारले, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

क्रमाला येथे महत्त्व आहे. आधी व्यवहार मिटवावेत आणि नाती मागाहून ठरवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक माणसे याच्या उलट करतात. संबंध बिघडू नयेत म्हणून दागिन्यांचा विषय काढत नाहीत, कर्जाच्या जामिनाबद्दल बोलत नाहीत, आणि मग दोन वर्षांनी त्याच विषयावरून संबंध कायमचे बिघडतात. तुमचे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये असताना तुम्ही त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, तर त्या शुभेच्छांच्या मागे त्यांना दागिनेच दिसणार.

पुढे कायद्याचे जे तपशील आले आहेत ते मुख्यतः 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांचे आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी विवाहांचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर निराळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता मुळातच सामाईक मानली जाते, त्यामुळे तेथील हिशेबाची सुरुवातच दुसऱ्या टोकापासून होते.

पहिली पायरी : हुकूमनामा हाती येईपर्यंत कमी बोलावे

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे ज्याला सगळे 'म्युच्युअल' म्हणतात त्यासाठी, अर्ज करण्यापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती मागे घेऊ शकते. हा मधला काळ सासरच्या माणसांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. त्यांना अजून आशा असते, राग असतो आणि सल्ले देणारे नातेवाईकही असतात. तुमच्या तोंडून निघालेले एक वाक्य त्या घरात चार तोंडांतून फिरून नवऱ्यापर्यंत पोहोचते आणि ठरलेली संमती डळमळते.

या काळात सासरी फोन करावाच लागला, तर तो मुलाच्या भेटीपुरता किंवा प्रकृतीच्या चौकशीपुरता ठेवावा. दोष कोणाचा होता, या चर्चेत सासूबाईंसमोर, नणंदेसमोर, अगदी सहानुभूती दाखवणाऱ्या जावेसमोरसुद्धा शिरू नये. लेखी तर काहीच पाठवू नये. साक्षीपुराव्याच्या कायद्यातील कडक कसोट्या कौटुंबिक न्यायालयात तशाच लागू होत नाहीत, आणि वाद समजून घेण्यास उपयोगी वाटेल असा कागद किंवा संदेश तेथे विचारात घेता येतो. मी रात्री साडेअकरा वाजता नणंदेला लिहिलेला एक लांबलचक संदेश समुपदेशकांच्या टेबलावर छापील स्वरूपात पाहिला आहे. त्यातले शब्द माझेच होते, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार!

महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. त्यांचे काम केवळ समेट घडवण्याचे आहे, अशी अनेकांची समजूत असते आणि त्यामुळे ती भेट कशीबशी उरकली जाते. प्रत्यक्षात आजी-आजोबांच्या भेटी, सणांची वाटणी, वस्तूंची देवघेव असे विषय मांडण्यासाठी ती जागा फार उपयोगी पडते. तेथे ठरलेले मुद्दे संमतीच्या अटींमध्ये लिहून घेता येतात.

दुसरी पायरी : देणे-घेणे मिटवावे

पहिला विषय दागिन्यांचा. लग्नात आणि लग्नाच्या आगेमागे स्त्रीला माहेरहून, सासरहून आणि इतरांकडून मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन असते. ते सासरच्यांच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वस्त म्हणून, मालक म्हणून नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केले आहे. एक कमी माहीत असलेली गोष्टही येथे सांगायला हवी. 2024 मध्ये घटस्फोटित मुलीच्या माजी सासू-सासऱ्यांविरुद्ध तिच्या वडिलांनी स्त्रीधनासाठी केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. स्त्रीधन फक्त तिचे असल्यामुळे तिने अधिकार दिल्याशिवाय वडिलांनाही ते मागता येत नाही, हे त्यामागचे कारण. याचा व्यावहारिक अर्थ असा की मागणी तुम्ही स्वतः, स्वतःच्या सहीने करावी. वडील किंवा भाऊ यांना पुढे केले की विषय दोन घराण्यांच्या मानापमानाचा होतो आणि दागिने बाजूला राहतात.

कायद्याच्या पलीकडचा एक भाग मात्र तुमच्या विवेकाचा आहे. आपल्याकडे सासरची जुनी मोहनमाळ, आजेसासूबाईंचे तोडे किंवा नथ लग्नाच्या दिवशी 'घालायला' देण्याची पद्धत आहे. ती दिली होती की घालायला दिली होती, हे त्या वेळी कोणीच बोलत नाही. माझा सल्ला असा की ज्या वस्तूबद्दल तुमच्या स्वतःच्या मनात शंका आहे ती परत करावी, किंवा मुलीसाठी ठेवायची असेल तर तसे लिहून ठेवावे. मी तोडे परत केले. पुढे सासूबाईंशी बोलण्याची जी काही वाट उरली, ती त्या एका गोष्टीमुळे उरली असे मला आजही वाटते. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची आणि एक सासरची असते, आणि त्या सासरच्या वाटीवरूनही भांडणे होतात. ती वाटी सोन्याच्या वजनापेक्षा फार जड होऊन बसते, तेव्हा तिच्याबाबत एकदाच काय ते ठरवून विषय संपवावा.

देवाणघेवाणीच्या दिवशी वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घ्यावे, दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाची सही घ्यावी आणि यादीच्या शेवटी 'आता काही येणे-देणे बाकी नाही' हे वाक्य लिहावे. यात भांडी, शिलाई मशीन, तुमच्या पदव्यांची मूळ प्रमाणपत्रे, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरणाचे कार्ड विसरू नये. सोन्याच्या नादात कागद राहून जातात आणि मग एका प्रमाणपत्रासाठी त्या दारात पुन्हा उभे राहावे लागते.

दुसरा विषय आर्थिक गुंत्यांचा. सासऱ्यांच्या किंवा दिराच्या पतसंस्थेतील कर्जाला तुम्ही जामीन असाल, तर घटस्फोटाने तो जामीन सुटत नाही. तो तुमचा आणि पतसंस्थेचा करार आहे. दुसरा जामीनदार देऊन तुमचे नाव काढून घेण्याची लेखी मागणी करावी आणि संस्था मान्य करेपर्यंत पाठपुरावा करावा. सासऱ्यांबरोबरचे संयुक्त गृहकर्ज, नणंदेबरोबरची भिशी, दिराला दिलेले हातउसने पैसे हे सगळे याच यादीत येते. जावेच्या भिशीतला तुमचा नंबर अजून लागायचा असेल, तर उरलेले हप्ते भरायचे की बाहेर पडायचे हे सरळ विचारावे. भिशीत ओशाळेपणाने गप्प बसणाऱ्याचेच पैसे बुडतात.

विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी आणि बँकेच्या ठेवी यांवरील नामनिर्देशने तपासावीत. घटस्फोट झाला म्हणून विम्यावरचे वारसाचे नाव आपोआप बदलत नाही. पुरुष वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. अनेक नोकरदार जावयांनी कंपनीच्या आरोग्यविम्यात सासू-सासऱ्यांची नावे घातलेली असतात. ती काढावी लागणारच, पण काढण्यापूर्वी त्यांना कळवावे आणि शक्य असल्यास चालू उपचार संपेपर्यंत किंवा नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत थांबावे. रुग्णालयाच्या खिडकीवर कार्ड चालत नाही हे कळणे म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येऊ नये. माजी जावयाबद्दल वर्षानुवर्षे चांगले किंवा वाईट बोलले जाते ते अशाच एखाद्या कृतीवरून.

शिधापत्रिकेवरील नावाचेही असेच आहे. सासरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय माहेरच्या किंवा स्वतंत्र शिधापत्रिकेत ते चढत नाही, आणि ही पत्रिका सहसा सासऱ्यांच्या किंवा सासूबाईंच्या नावावर असते. आडनाव बदलायचे असल्यास राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, पॅन आणि बँक या क्रमाने जावे. आडनाव बदलले नाही तरी चालते. 'अजून आमचेच नाव लावते' असे टोमणे येतील, पण मुलांच्या शाळेसाठी किंवा नोकरीतील नोंदींसाठी तेच नाव सोयीचे असेल तर ते ठेवायला हरकत नाही.

अपेक्षांचा हिशेबही याच पायरीवर करून टाकावा. सासऱ्यांकडून पोटगी मागण्याचा काही परिस्थितींत जो हक्क आहे तो विधवा सुनेला आहे, घटस्फोटितेला नाही. सासरच्या मालकीच्या घरालाही कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली 'सामाईक घर' मानता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटले असले, तरी तो निवाऱ्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे, आणि घटस्फोटानंतर तो तसाच चालू राहील असे गृहीत धरू नये. मुलांचे मात्र वेगळे आहे. ताबा आईकडे असो वा वडिलांकडे, मुलगा असो वा मुलगी, वडिलांच्या बाजूचा वारसाहक्क घटस्फोटाने तुटत नाही. सातबाऱ्यावरील नोंदींचा विषय निघाला की हे लक्षात ठेवावे, आणि मुलाच्या वतीने कोणत्याही हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे. अज्ञान मुलाच्या स्थावर मालमत्तेचा हक्क पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही.

तिसरी पायरी : माणसे एकेक करून ठरवावीत

'सासरशी संबंध ठेवायचे की तोडायचे' हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण सासर ही एक व्यक्ती नाही. एका कागदावर त्या घरातील प्रत्येकाचे नाव लिहावे आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: या माणसाशी माझे नाते लग्नाच्या आधाराशिवाय उभे राहू शकते का, या माणसाला माझ्या मुलाच्या आयुष्यात स्थान आहे का, आणि या माणसाशी बोलून झाल्यावर मला दोन दिवस त्रास होतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल आणि मूल नसेल, तर तेथेच थांबावे. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

माझ्या कागदावर जावेचे नाव सर्वांत वर राहिले, हे मलाही अनपेक्षित होते. आम्ही नऊ वर्षे एका ओट्यावर स्वयंपाक केला होता. धाकट्या दिराशी संबंध आपोआप विरले आणि कोणाला त्याचे वाईटही वाटले नाही. सासऱ्यांशी बोलणे पूर्वीही फक्त वर्तमानपत्रातील बातम्यांपुरते होते, ते तेवढेच राहिले. नणंदेशी मात्र तीन वर्षे अबोला होता. भावाची बाजू घेणे हा बहिणीचा हक्क आहे, हे समजायला मला तेवढा वेळ लागला. तुमच्या सासरच्या माणसांनी तुमच्यावर प्रेम केले असले, तरी त्यांनी न्याय करावा अशी अपेक्षा ठेवू नये. आई मुलाच्या बाजूने उभी राहणारच.

माजी जोडीदाराला हे माहीत असावे. त्याच्या आईशी तुमचे चोरून बोलणे चालू आहे असे त्याला बाहेरून कळले, तर त्याचा त्रास तुमच्यापेक्षा त्या माउलीला अधिक होतो. परवानगी मागण्याची गरज नाही. 'मी आईंना अधूनमधून फोन करीन, त्यात आपल्या विषयांवर बोलणार नाही' एवढे एकदा सांगून ठेवावे आणि दिलेला शब्द पाळावा.

मोबाइलवरील कौटुंबिक समूहांतून स्वतःहून बाहेर पडावे. कोणीतरी काढून टाकण्याची वाट पाहू नये आणि निरोपाचे निबंधही लिहू नयेत. ज्यांच्याशी संबंध ठेवायचे आहेत त्यांना आदल्या दिवशी वैयक्तिक संदेश पाठवावा, म्हणजे रात्री 'अमुक यांनी समूह सोडला' अशी ओळ पाहून कोणी दचकत नाही.

चौथी पायरी : हाक काय मारायची

ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पहिला फोन तिच्यापाशीच अडतो. 'माजी सासूबाई' हा शब्द लिहिण्यापुरता ठीक आहे, तोंडावर तो कोणी वापरत नाही. मूल असेल तर आपल्या भाषेतच सोय आहे. मुलाच्या नावाने नाते सांगावे: 'ओवीची आजी', 'ओवीचे आजोबा'. समोरासमोर फक्त 'आजी' म्हटले तरी चालते. घरात नातवंडे आली की सगळेच तसे म्हणू लागतात, त्यामुळे ते परकेही वाटत नाही. मूल नसेल तर 'काका' आणि 'काकू' हे शब्द आहेत. पहिल्या वेळी जीभ अडखळते आणि समोरचाही गप्प होतो, पण दोन-तीन भेटींत ते रुळते. नणंदेला 'वन्सं' म्हणत असाल तर 'ताई' म्हणावे, भाऊजींना नावापुढे दादा लावावे. 'आई' ही हाक त्यांनी स्वतः चालू ठेवायला सांगितली आणि तुमच्याही मनातून ती आली, तर ठेवावी. मी दोन वर्षे कोणतीच हाक न मारता 'अहो, ऐकलंत का' अशी वाक्ये जुळवत राहिले आणि ते फार दमवणारे होते.

पाचवी पायरी : मुले आणि आजी-आजोबा

मूल असेल तर वर सांगितलेले सगळे याच पायरीसाठी आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. त्यानंतरच्या वयात आणि प्रत्येकच वादात मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी मानली जाते. आजी-आजोबांच्या भेटींसाठी वेगळी तरतूद या कायद्यात नाही. त्यांची भेट बहुधा त्यांच्या मुलाच्या भेटीच्या वेळेतच होते, आणि त्याचे येणे-जाणे अनियमित असेल तर त्यात सर्वाधिक नुकसान आजीचे होते. म्हणून संमतीच्या अटी लिहितानाच आजी-आजोबांचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा. दुसऱ्या व चौथ्या शनिवारची वडिलांची भेट, हा साचा सगळे वकील लिहितात. त्यात 'वडील परगावी असल्यास त्या वेळेत मूल आजी-आजोबांकडे राहील' एवढे एक वाक्य वाढवले की पुढची दहा वर्षे सोपी होतात.

मुलाला सोडताना आणि घेताना दारातले बोलणे दारातच संपवावे. औषध, गृहपाठ आणि परतीची वेळ एवढेच विषय असावेत. मूल परतल्यावर 'आजी माझ्याबद्दल काय म्हणाली' हे विचारण्याचा मोह फार असतो. तो आवरावा, कारण दोन घरांत बातमीदार म्हणून वागवले गेलेले मूल लवकरच दोन्हीकडे खोटे बोलू लागते. आजीने खरोखर वावगे काही सांगितले असेल तर त्याविषयी मुलाशी नव्हे, आजीशीच बोलावे, तेही फोनवर आणि मूल झोपल्यावर. 'तुमचा राग मला समजतो, पण तिच्यासमोर तिच्या आईबद्दल बोलू नका, मीही तिच्यासमोर तुमच्या मुलाबद्दल बोलत नाही.' हे वाक्य मी एकदाच बोलले आणि ते पुरले. पुरले नसते तर पुढचे बोलणे समुपदेशकांसमोर झाले असते.

सणांची वाटणी करताना पंचांग आणि घराची रीत समोर ठेवावी. 'गणपती तुमच्याकडे, दिवाळी आमच्याकडे' अशी ढोबळ वाटणी फसते, कारण कोकणात मूळ घरी गणपती असणाऱ्यांना चतुर्थीच्या आधी दोन दिवस प्रवासालाच लागतात, आणि गौरी ज्यांच्याकडे असतात त्यांना आवाहनाचा नव्हे तर ज्येष्ठा नक्षत्रावरील पूजनाचा आणि जेवणाचा दिवस महत्त्वाचा असतो. दिवाळीत भाऊबीज चुलत भावंडांची आणि मामेभावंडांची दोन्हीकडे असते, तेव्हा सकाळ आणि संध्याकाळ अशी विभागणी करता येते. उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस तारखांसह लिहावेत. मुले परदेशात असतील तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी चित्रफोन ठेवावा. न्यू जर्सीतील शनिवार सकाळ म्हणजे पुण्यातील शनिवार संध्याकाळ, आणि ती आजीच्या दिवेलागणीची वेळ असेल तर अधिकच चांगले, कारण तेव्हा शुभंकरोती म्हणण्याचे निमित्त असते आणि काय बोलावे हा प्रश्न मुलाला पडत नाही.

मुंजीचा प्रश्न स्वतंत्र आहे. मातृभोजन आईबरोबर आणि गायत्री मंत्राचा उपदेश वडिलांकडून, असा विधी असल्यामुळे दोघांनाही एकाच मांडवात यावे लागते. गुरुजींना आधी स्पष्ट कल्पना द्यावी, दोघांनी जोडीने पाटावर बसण्याचे विधी कोणी करायचे ते ठरवावे (काका-काकू हे सर्वांत सोपे उत्तर), आणि खर्च कोण किती करणार हे कार्यालय ठरवण्यापूर्वीच बोलून घ्यावे. कुलदैवताला नेणे, जावळ काढणे या गोष्टींना वडिलांच्या घराची रीत म्हणून मोकळेपणाने जाऊ द्यावे. जेजुरीला किंवा तुळजापूरला जाऊन आलेले मूल काही कोणी पळवून नेत नाही.

सहावी पायरी : कार्ये, आजार आणि मृत्यू

आमंत्रण आले म्हणून जावेच असे नाही. बोलावणे मनापासून आहे की रीत म्हणून, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे ते कोणी केले. घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः फोन केला असेल तर जावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, नवरा-नवरीला किंवा बाळाला भेटावे आणि जेवणाच्या आग्रहातून नम्रपणे सुटावे. हळदीकुंकवाला जावेने बोलावले तर तेथे येणाऱ्या इतर बायकांच्या नजरा सोसण्याची तयारी असेल तरच जावे. नसेल तर दुसऱ्या दिवशी वाण घ्यायला म्हणून एकटीने जावे. गप्पाही त्या दिवशीच चांगल्या होतात.

आजारपणात मदत करायची असेल तर एकच ठरावीक काम उचलावे. रुग्णालयात रात्री सोबत राहणे हे आता तुमचे काम नाही आणि त्यात माजी जोडीदाराशी नको तेव्हा गाठ पडते. डबा पोहोचवणे, रक्तदाता शोधणे, मुलाला भेटवून आणणे ही कामे मात्र जरूर करता येतात.

मृत्यूची बातमी आली तर फार विचार करत बसू नये. घरातील एका माणसाला विचारावे, आणि नकार नसेल तर अंत्यदर्शनाला किंवा दहाव्याच्या आत भेटायला जावे. मागे बसावे, घरच्या बायकांमध्ये पुढे होऊन कामे करू लागू नये आणि निघताना, आपल्याकडची रीत आहे तशी, 'येते' असे म्हणू नये. मुलाला मात्र सुतक असते, कारण त्याचे कुळ बदललेले नाही. त्या घरची रीत काय आहे ते गुरुजींना किंवा वडीलधाऱ्यांना विचारून मुलाला तितके दिवस तेथे राहू द्यावे. शाळेचे चार दिवस बुडाले तरी चालतील.

जेथे ही वाट चालूच नये

मारहाण, पैशांसाठी छळ, मुलाला पळवून नेण्याची धमकी यांतील काहीही घडले असेल तर वरील एकही पायरी तुमच्यासाठी नाही. लोकलाजेस्तव संबंध ठेवू नयेत. मुलाची भेट न्यायालयाने दिली असेल तर ती न्यायालयाच्या बालकक्षात किंवा तिसऱ्या विश्वासू माणसासमोर व्हावी अशी मागणी करावी. घटस्फोटापूर्वी झालेल्या हिंसाचाराबद्दल घटस्फोटानंतरही दाद मागता येते. जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी, 181 ही महिला मदतवाहिनी आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक मोबाइलमध्ये असावेत. 'म्हातारे झाले आहेत, आता सोडून दे' असे सांगणारे नातेवाईक भेटतील. क्षमा करणे हा तुमचा खासगी विषय आहे, त्यासाठी त्या घरात पाऊल ठेवावे लागत नाही.

शेवटची पायरी : नवा जोडीदार आणि पुढची वर्षे

पुनर्विवाह करण्यापूर्वी अपिलाची मुदत संपली आहे किंवा अपील लागू नाही, याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी. ठरल्यावर मुलाच्या आजी-आजोबांना ही बातमी मुलाच्या तोंडून किंवा शेजाऱ्यांकडून कळू देऊ नये. स्वतः फोन करावा, थोडक्यात सांगावे आणि नातवंडाच्या भेटी पूर्वीसारख्याच राहतील हे त्याच फोनवर सांगावे. त्यांना खरी भीती त्याचीच असते. लग्नाची पत्रिका पाठवण्याचा अट्टहास करू नये. नव्या सासरीही जुन्या सासरशी असलेला संपर्क लग्नाआधीच सांगावा, विशेषतः 'दर महिन्याला मुलीची आजी फोन करते' एवढी साधी वस्तुस्थिती. लपवलेला एक फोनही पुढे गुन्ह्यासारखा दिसतो.

याच्या उलट बाजूही आहे. माजी नवऱ्याने दुसरे लग्न केले की त्या घरात नवी सून येते, आणि तेव्हा जुन्या सुनेने दोन पावले मागे सरायला हवे. सणाच्या पाककृती विचारायला सासूबाईंनी अजूनही तुम्हालाच फोन केला, तर सांगावे, पण फोन लहान ठेवावा.

आणि मूल लग्नाचे झाले की निमंत्रणपत्रिकेवर कोणाची नावे घालायची हा प्रश्न उभा राहतो. आई आणि वडील यांची नावे वेगवेगळ्या ओळींत, प्रत्येकाच्या सध्याच्या आडनावासह छापता येतात. आजी-आजोबांची नावे दोन्ही बाजूंची घालावीत, जे हयात नाहीत त्यांच्या नावामागे कै. लावावे, आणि सावत्र आई किंवा सावत्र वडिलांचे नाव घालायचे की नाही हे मुलानेच ठरवावे. मसुदा छापखान्यात देण्याआधी दोन्ही घरांना वाचून दाखवावा, कारण नावांच्या क्रमावरून होणारी भांडणे पत्रिका छापून आल्यावरच सुरू होतात, आणि पाचशे पत्रिका पुन्हा छापण्याचा खर्च कोणी करायचा हे कोणत्याही संमतीच्या अटींमध्ये लिहिलेले नसते.